जीप डावीकडं ओढते

अंकिताचं लग्न एकदा ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरायला आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मंद्रूपकडचे लोक ते साल आकड्यानं सांगत नाहीत. "अंकिताची सोयरीक ओढ्यात गेली ते साल," असंच म्हणतात.

सोयरीक ओढ्यात गेली ती अशी. अंकिताच्या वडिलांची, म्हणजे मल्लिनाथची वस्ती मंद्रूपपासून तीन किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे. श्रावणात अक्कलकोटचे भीमाशंकरअण्णा, म्हणजे मुलाचे वडील, घर आणि रान बघायला आले. अक्कलकोटात त्यांचं तुरीचं आडत दुकान होतं. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि पायात त्याच दिवशी पहिल्यांदा घातलेल्या चपला. मल्लिनाथनं त्यांना मंद्रूपच्या स्टँडवरून आपल्या जुन्या जीपमध्ये मानानं बसवलं. ओढ्यावरच्या बसक्या फरशी-पुलावरून गुडघाभर पाणी चाललं होतं. जीप मधोमध आली, दोनदा खोकली आणि बंद पडली. अण्णांना पाण्यातून चालत जावं लागलं. त्यांच्या उजव्या पायातली चप्पल पाण्याबरोबर गेली ती गेलीच.

पलीकडच्या काठावर एका चपलेवर उभं राहून अण्णा म्हणाले, "ज्याला आपली गाडी आपल्याच ओढ्यातनं काढता येत न्हाई, त्याच्या घरची पोरगी आमी कशी न्यावी?"

सोयरीक मोडली.

पण अण्णांचा मुलगा शिवराज आणि अंकिता शेतकी कॉलेजात एका वर्गात शिकलेले. शिवराजनं बापाशी भांडण केलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. रोज समोर बसायचं, ताट संपवायचं आणि उठायचं. महिनाभर असा मुका मुलगा समोर जेवायला बसला की बापाचा घास अडतो. भाद्रपद संपता संपता अण्णांचा फोन आला.

"कोजागिरीला दुपारच्या आत मला त्याच जीपमधनं, त्याच ओढ्यातनं वस्तीवर न्यायचं," ते मल्लिनाथला म्हणाले. "पाय कोरडे राहिले तर तितंच साखरपुडा. वल्ले झाले तर परत तुमी फोन करायचा न्हाई, आमी बी करायचा न्हाई."

ओढ्याचं पाणी खाली आणणं मल्लिनाथच्या हातात नव्हतं. जीप वर नेणं मात्र होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं जीप सोलापूरला होटगी रोडवर नबीसाबच्या गॅरेजात आणून उभी केली.

नबीसाब साठी ओलांडलेला मिस्त्री. मल्लिनाथच्या वडिलांचा ट्रक होता तेव्हा त्याच ट्रकच्या खाली झोपून तो काम शिकला. त्यानं जीपच्या आसांवर जाड, उंच कमानीचे पोलादी पाटे बसवले, मोठे टायर घातले, आणि जीप चांगली चार इंच वर उचलली. उचलली ती इतकी की मल्लिनाथच्या आईला, निंगव्वांना, चढता येईना. ऐंशीला टेकलेल्या निंगव्वांनी त्यावर तक्रार केली नाही. गोठ्यातला दूध काढायचा लाकडी स्टूल बरोबर घ्यायला सुरुवात केली. चढल्या की स्टूल वर ओढून मांडीवर धरायच्या.

गाडी उंच केली की पुढच्या चाकांचा कोन बदलतो आणि सरळ रस्त्यावरही ती दारू प्यायल्यासारखी झुलत चालते. नबीसाबला हे ठाऊक होतं. त्यानं पाटे आणि आस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लोखंडी पाचरी ठोकून कोन जागेवर आणला. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुताचा दोरा ताणून, एक डोळा मिटून चाकं सरळ केली. हा दोरा चादरीच्या मागावरचा. चाळीस वर्षं तो याच दोऱ्यानं गाड्या सरळ करत आला होता. रस्त्यावर काढून मल्लिनाथनं दोन्ही हात सोडले, तरी जीप नाकासमोर चालली.

गोष्ट इथंच संपायची. पण नबीसाबच्या मुलानं, आरिफनं, महिन्यापूर्वीच चाकं बघायची नवी मशीन आणली होती. कॉम्प्युटरची. तिच्यातून कागद छापून निघायचा.

"नबीभाई, एकडाव मशीनवर पण लावू की," मल्लिनाथ म्हणाला.

"कशाला? सरळ चाललीया न्हवं?"

"सरळ चाललीया, पण अण्णा कागदाचा माणूस हाय. हातात कागद ठेवला की गप बसतोय."

नबीसाबनं दोरा गुंडाळून खिशात ठेवला. "उद्या खंडेनवमी. उद्या हत्याराला हात न्हाई लावायचा. परवा दसरा. एकादशीला या."

खंडेनवमीला नबीसाबच्या गॅरेजात पूजा व्हायची ती निंगव्वांच्या हातानं. हा रिवाज ट्रकच्या काळापासूनचा. "माज्या घरी शिकलास, तुज्या पान्याला इभूत मीच लावणार," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि नबीसाबच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही की दुसरं काही करावं. नबीसाबची बायको रशीदा आदल्या दिवशी गॅरेज धुऊन घ्यायची, झेंडूच्या माळा आणून ठेवायची.

त्या वर्षी निंगव्वा स्टूलावरून खाली उतरल्या, पाने, जॅक, हातोडे सगळ्यांना ओल्या विभूतीचे तीन तीन बोटांचे पट्टे ओढत गेल्या आणि नव्या मशीनसमोर येऊन थांबल्या.

"हे रं काय?"

"अव्वा, ही गाडीची चाकं बघती," आरिफ म्हणाला. "हे चार चौकोन चार चाकांना लावायचे. ह्यांच्यावर ठिपके हायत न्हवं, खांबावरचे कॅमेरे ते ठिपके बघत्यात आणि कुठलं चाक किती वाकडं ते सांगत्यात."

"म्हंजे तुज्या बापापेक्षा शानी हाय म्हण की."

आरिफ हसला. नबीसाब हसला नाही.

"मग हिला जरा जास्त लावाय पायजे," निंगव्वा म्हणाल्या. त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यामुळं डाव्या चाकांच्या चौकोनांवर हात हलका पडला, आणि उजव्यांवर चांगला घसघशीत. त्या गेल्यावर नबीसाबनं आरिफला बजावलं, "अव्वा का हाथ लगा है. कोई पोंछना नहीं. अपने आप गिरेगा तब गिरेगा."

एकादशीला जीप मशीनवर चढली. पडद्यावर उजवी बाजू लालभडक झाली.

"बाबा, तुमच्या पाचरीत फरक हाय," आरिफ दबक्या आवाजात म्हणाला.

"दोऱ्यावर बराबर हाय."

"मशीनवर न्हाई."

मल्लिनाथनं एकदा दोऱ्याकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. त्याला कागद हवा होता. "मशीन म्हणती तसं करा की," तो म्हणाला. आरिफनं दोन तास खपून पाचर बदलली, चाकं वळवणारे दांडे फिरवले, आणि पडदा हिरवागार केला. छापील कागद निघाला. मल्लिनाथनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि खिशात छातीशी ठेवला.

रस्त्याला लागल्यावर शंभर पावलांत जीप डावीकडं वळली आणि उसाच्या रसाच्या गाड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, रस प्यायचा होता तर सांगायचं," अंकिता म्हणाली.

"मी न्हाई वळवली. तीच वळली."

पुढं एका बँकेकडं, मग एका मंगल कार्यालयाच्या फाटकाकडं, असं करत करत जीप मंद्रूपला पोचली. घरी उतरल्यावर मल्लिनाथचा उजवा हात खांद्यातून वर जाईना.

द्वादशीला ते परत गॅरेजात आले. पौर्णिमेला तीन दिवस उरले होते. आरिफनं जीप मशीनवर घेतली. पडदा हिरवा. त्यानं हवा तपासली, सारखी. उजवे टायर डावीकडं आणि डावे उजवीकडं घातले, की टायरमध्ये खोट असेल तर गाडी आता उजवीकडं ओढेल. जीप डावीकडंच ओढली.

"दृष्ट लागलीया," निंगव्वा म्हणाल्या.

"जीपला?" मल्लिनाथनं विचारलं.

"जीपला न्हवं रं, मशीनीला. नवी वस्तू. येनारा जानारा बघतोय." पुरुष चहाला बाहेर गेले तेव्हा त्यांनी कनवटीची विभूती काढली, पाण्यात कालवली आणि चारही चौकोनांवर पुन्हा एकेक हात दिला. उजवीकडं पुन्हा घसघशीत.

चहानंतर पडदा पुन्हा लाल झाला. आरिफनं पुन्हा पाचर बदलली, पुन्हा हिरवा केला, पुन्हा कागद काढला. आता जीप उसाच्या गाड्यापर्यंतही थांबली नाही. फाटकातून बाहेर पडली ती शेजारच्या पिठाच्या गिरणीत शिरायला निघाली. मल्लिनाथनं ब्रेक दाबला म्हणून गिरणीवाल्याचं दळण वाचलं.

घरी जाताना स्टिअरिंग अंकितानं घेतलं. तिचे हात बापापेक्षा तरुण होते. ती स्टिअरिंग उजवीकडं मोडून धरायची आणि जीप सरळ जायची. "डावी वळणं मात्र फुकट आहेत, अप्पा," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती गावात शिरताना सगळी डावी वळणं बघूनच रस्ता धरायची. एकदा उजवीकडच्या मेडिकलमध्ये जायला तिनं तीन वेळा डावीकडं वळून चौकाला वेढा घातला.

त्रयोदशीला आरिफ म्हणाला, "चाक जॅम असंल." चाकं वर उचलून फिरवली, चारही मोकळी. मग तो म्हणाला, "रस्ताच डावीकडं उतरता असतोय, पाणी जायला म्हणून. गाडी तिकडं जाणारच." ते खरंही होतं. मग तपासायचं तर रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवून बघायला पाहिजे. अंकितानं शंभर पावलं उजव्या बाजूनं चालवली. तेवढ्यात ट्रॅफिकचा हवालदार आडवा आला.

"मॅडम, राँग साइड?"

"साहेब, बघा आता," अंकिता म्हणाली आणि स्टिअरिंग सोडून जीप हळूच पुढं घेतली. जीप आपण होऊन रस्ता ओलांडून डाव्या बाजूला गेली आणि तिथं सरळ झाली.

हवालदार बघत राहिला. "गाडीला तरी कायदा कळतोय," तो म्हणाला आणि त्यानं सोडून दिलं.

मग नबीसाबनं बसणारांचा विचार काढला. निंगव्वा नेहमी डाव्या सीटवर बसायच्या. त्यांना उजवीकडं, मागं बसवून बघितलं.

"माजं वजन ते काय," निंगव्वा म्हणाल्या. "ह्यो स्टूल माज्यापेक्षा जड हाय."

जीप डावीकडं ओढली. "तिला सिद्धेश्वराचं दर्शन पायजे," निंगव्वांनी निकाल दिला. देऊळ गॅरेजपासून डावीकडंच पडतं, त्यामुळं कुणाला खोडून काढता आलं नाही. दर्शन झालं. येताना निंगव्वांनी देवळातली ताजी विभूती आणली आणि ती कुठं लावली हे सांगायची गरज नाही.

चतुर्दशीला सकाळी गॅरेजसमोर सात गाड्या उभ्या होत्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंची, एका हेडमास्तरांची, पावाच्या बेकरीचा टेम्पो. सगळ्यांच्या हातात आरिफचा हिरवा कागद, आणि सगळ्यांची तक्रार एकच. हेडमास्तर म्हणाले, "मी चार दिवस शाळेत जायला निघतो आणि भाजी मंडईत पोचतो. भाजी घ्यावी लागते, लाजेखातर."

नबीसाबनं खिशातून दोरा काढला, जीपच्या मागच्या चाकाला गाठ मारली, पुढं ताणला, डोळा मिटला. दोरा पुढच्या चाकाला नीट टेकेना. चाक वाकडं होतं, स्पष्ट. त्यानं मान वर केली. समोर आरिफ उभा होता. चार दिवस त्याच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता हे घरात रशीदानं सांगितलं होतं. मागं सात गिऱ्हाइकं उभी होती.

"काय म्हणतोय दोरा?" मल्लिनाथनं विचारलं.

दोरा चुकतो म्हणायला नबीसाबची जीभ वळेना, आणि मशीन चुकते म्हणायला सात जणांपुढं मुलाचं तोंड बघवेना. त्यानं दोरा गुंडाळला.

"दोरा जुना झालाय," तो म्हणाला.

"मग उद्या? उद्या अण्णांना आणायचंय. पोरीचं लग्न हाय ह्या जीपवर, नबीभाई."

"उद्या अंकिताला चालवू दे," नबीसाब म्हणाला. "तिचा हात बसलाय. ओढा तेवढा काढ. परवा मी बघतो."

मल्लिनाथला रात्री धड झोप लागली नाही. झोपेत त्यानं स्टिअरिंग उजवीकडं मोडू नये म्हणून बायको खाली अंथरूण टाकून झोपली.

पौर्णिमेला सकाळी नऊला जीप निघाली. स्टिअरिंगवर अंकिता, डाव्या सीटवर मांडीवर स्टूल धरून निंगव्वा, मागं मल्लिनाथ. अक्कलकोटला जाऊन अण्णांना घ्यायचं, दुपारच्या आत परत यायचं. अंकिता ओढ्याच्या उतारावर आली आणि तिनं ब्रेक दाबला.

ओढ्यात पांढरी मोटार होती. पुढचं डावं चाक फरशीवरून खाली घसरलेलं, नाक पाण्यात. आणि मागच्या सीटवर, मांडी घालून, दोन्ही चपला हातात धरून, भीमाशंकरअण्णा बसलेले.

जीपच्या उंच सीटवरून निंगव्वांनी हात जोडले. "बर्री, बर्री, पाव्हणं," त्या म्हणाल्या. घरी आलेल्या माणसाला त्यांच्यात असंच कानडीतून 'या' म्हणतात. "लवकर आलासा."

अण्णांनी घसा साफ केला. "जरा ओढा बघाय आलतो."

"ओढा?" मल्लिनाथनं विचारलं.

अण्णांनी हातातल्या चपला सारख्या केल्या. खरं उत्तर असं होतं की शिवराजचं मुकं जेवण त्यांनाही सोसत नव्हतं. पाणी किती आहे ते गुपचूप बघून जावं, जास्त असलं तर अट आपणच चार दिवस पुढं ढकलावी, म्हणून ते एकटेच मोटार घेऊन आले होते. हे त्यांनी पुढं कितीतरी दिवसांनी, सासरा म्हणून नव्हे तर आजा म्हणून, नातू मांडीवर घेऊन बसले असताना, अंकिताला सांगितलं.

"पाणी मोटारीत आलं की काय हो?" निंगव्वांनी विचारलं.

"पुढं आलंय. म्हणून मागं बसलोय." अण्णांनी पाय थोडे वर केले. "पाय कोरडं हायत माजं. बघून घ्या."

मल्लिनाथनं वाकून बघितलं. पाय अजून कोरडे होते.

फरशी मोटारीनं अडवलेली. अंकितानं जीप फरशीच्या कडेनं सरळ ओढ्यात उतरवली. श्रावणात जिथं जीप बंद पडली होती तिथंच पाणी आता चाकाच्या मध्यापर्यंत आलं, पण उंच केलेल्या जीपच्या पोटाला लागलं नाही. ती मोटारीच्या मागच्या दारापाशी जाऊन थांबली. आता अडचण अशी की मोटार खाली आणि जीप वर. मध्ये हातभर पाणी.

निंगव्वांनी मांडीवरचा स्टूल उचलून मल्लिनाथकडं दिला. "ठेव."

मल्लिनाथ पाण्यात उतरला आणि त्यानं स्टूल फरशीवर, वाहत्या पाण्यात रोवून धरला. अण्णांनी दार उघडलं, धोतर खोचलं, एक पाय स्टूलावर टाकला, दुसरा जीपच्या पायरीवर. निंगव्वांनी त्यांचा हात धरून वर ओढलं. पाय कोरडे.

"माजी मोटार?" वर बसल्यावर अण्णांनी विचारलं.

अंकितानं जीप ओढ्यातून मोटारीच्या मागच्या बाजूला, मंद्रूपच्या काठावर काढली आणि दोन्ही गाड्यांच्या पाठी दोरखंडानं बांधल्या. मोटारीचं तोंड वस्तीकडं, जीपचं मंद्रूपकडं. मोटार आपल्या डावीकडं घसरलेली, आणि जीप आपल्या डावीकडं ओढणारी. म्हणजे एकमेकींच्या बरोबर उलट. अंकितानं गिअर टाकला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच स्टिअरिंग मोडून न धरता तसंच सैल सोडलं. जीपनं आपली ओढ घेतली, दोरखंड तिरका ताणला गेला, आणि मोटारीचं घसरलेलं चाक अलगद फरशीवर येऊन सरळ झालं. चांगल्या गाडीनं ती आणखी खाली नेली असती.

अण्णा हे सगळं बघत होते. "पोरगी हुशार हाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "पण माजी मोटार घसरलीच कशी? परवाच चाकं सरळ करून घेतली. कागद हाय माज्याकडं."

त्यांनी खिशातून हिरव्या आकड्यांचा कागद काढला. मल्लिनाथनंही छातीशी ठेवलेला कागद काढला. दोन्हीवर नाव एकच, नबीसाबच्या गॅरेजाचं.

"साखरपुडा मागनं," अण्णा म्हणाले. "आदी तितं चला."

दोन्ही गाड्या डावीकडं ओढत होटगी रोडला पोचल्या. गॅरेजात आज अकरा गाड्या होत्या. अण्णा सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. "मालक कोण?"

नबीसाब पुढं आला. त्यानं आरिफला मागं घेतलं. "मी हाय. माजी चूक. मशीन आजच परत पाठवतो."

"बाबा," आरिफ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

निंगव्वा मशीनजवळ गेल्या. विभूतीला नवा हात द्यायला त्यांनी कनवटीला हात घातलाच होता. अण्णांचं लक्ष तिकडं गेलं. ते वाकले, चौकोनाजवळ नाक नेलं. "हे काय लावलंय?"

"इभूत," आरिफ म्हणाला. "खंडेनवमीची. अव्वांनी लावलीय."

"ह्या ठिपक्यांवर?"

"व्हय."

"आणि खांबावरचं ते हेच ठिपके बघतंय व्हय?"

आरिफनं मान हलवली, आणि हलवता हलवता त्याची मान थांबली. नबीसाबचीही थांबली. चार दिवस दोघांनाही ते पांढरे थर दिसत होते. कुणी फडकं मारलं नव्हतं. दुसऱ्या एखाद्या गॅरेजात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी सहज पुसून टाकलं असतं. आपल्या देवाशी माणूस घरच्यासारखा वागतो. इथं परक्याच्या देवाचा मान होता, आणि तो माणूस जास्त जपतो. हेडमास्तरांनी टोपी काढली. विभूतीला दोष कोण देणार, आणि ऐंशीच्या बाईला कोण बोलणार? मल्लिनाथ मान खाली घालून आईच्या बोलण्याची वाट बघत होता.

"हे हिचं डोळं हायत व्हय?" निंगव्वांनी विचारलं.

"तसंच म्हणायचं, अव्वा," आरिफ म्हणाला.

"मग चार दिस बोलला का न्हाईस, खुळ्या?" त्यांनी पदराचं टोक जिभेला लावलं आणि चारही चौकोन खसाखसा पुसून काढले. "देवाला सुद्दा इभूत कपाळावर लावत्यात. डोळ्यात कोन घालतं रं?"

जीप मशीनवर घेतली. पडदा लाल झाला तो खऱ्या चुकीनं. आरिफनं पाचर काढली आणि नबीसाबनं पहिल्यांदा ठोकली होती तीच परत बसवली. पडदा हिरवा झाला. नबीसाबनं दोरा ताणला. दोरा चारी ठिकाणी टेकला. बाप आणि मुलगा एकमेकांकडं न बघता दोघंही हात पुसत राहिले.

"दोरा नवा केला काय, नबीभाई?" मल्लिनाथनं विचारलं.

"तोच हाय," नबीसाब म्हणाला.

अण्णांनी आपली मोटार रांगेत बाराव्या नंबरला लावली आणि एका उलट्या टायरवर बसले. रशीदानं चहा आणला. अण्णांनी कप हातात घेतला, पायांकडं बघितलं, मग मल्लिनाथकडं. "अट काय होती?"

"पाय कोरडे राहिले तर तितंच साखरपुडा."

"मग तितं ऱ्हायला. हितं करू." त्यांनी फोन काढला आणि शिवराजला लावला. "ये," एवढंच म्हणाले. पलीकडून दीड महिन्यानं पहिल्यांदा उत्तर आलं असावं, कारण अण्णांनी फोन कानापासून लांब धरला.

शिवराज दीड तासात आला. साखरेची पुडी आणायला कुणालाच सुचलं नव्हतं. रशीदानं चहाच्या डब्यातली साखर काढून वर्तमानपत्राच्या कागदात बांधली. अंकिताच्या हाताला स्टिअरिंगचे फोड आले होते, त्या हातांनी तिनं ती घेतली. अकरा गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मग हेडमास्तरांनी विचारलं, "आता माझा नंबर कितवा?"

लग्न मार्गशीर्षात झालं. वरात त्याच जीपमधून निघाली आणि नवरा-नवरीला चढायला निंगव्वांचा स्टूल ठेवला होता. जीप सरळ चालली.

पुढं दर खंडेनवमीला निंगव्वा गॅरेजात यायच्या. मशीनीसमोर उभ्या राहून विचारायच्या, "हिचं कपाळ कुटं हाय?" आरिफ खांबाचा वरचा भाग दाखवायचा. त्यांचा हात तिथं पोचायचा नाही, मग त्या स्टूलावर चढायच्या, आणि नबीसाब खाली स्टूल धरून उभा राहायचा.

गेल्या खंडेनवमीला मल्लिनाथनं स्टूल एकटाच नेऊन दिला. नबीसाब त्याच्यावर चढला, तीन बोटं विभूतीत बुडवली, मशीनीच्या कपाळावर पट्टे ओढले, आणि चौकोनांवर काही उडालं नाही ना ते खाली उतरून रुमालानं पुसून बघितलं. निंगव्वा त्याच वर्षी जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी वारल्या होत्या.